ओटीत आलेली जर्सी

क्लबांची नावं मी घेणार नाही. नाव घेतलं की वकिलाची नोटीस येते, आणि नोटीस आली की घरचे माझ्याकडे असं बघतात, जणू मीच कुणाला लुबाडलंय. म्हणून जर्सीच्या रंगांवर भागवून घ्या: निळा, पिवळा, हिरवा. ज्याला कळायचं त्याला कळेल. ज्याला झोंबायचं त्याला झोंबू दे.

मालनकाकींच्या कोरेगावच्या घरापुढे पेरूच्या झाडाला बांधलेली एक दोरी होती. त्या दोरीवर एकाच वर्षात हे तिन्ही रंग दिसले. मुलगी एकच, तिचे हातमोजे तेच, बॉलवर झेपावायची तऱ्हा तीच. बदलत होते ते छातीवरचे बिल्ले. आणि दर वेळी कुणीतरी कडक इस्त्रीतला माणूस माईक हातात घेऊन सांगायचा, की हे सगळं मुलींच्या भल्यासाठी चाललंय. आम्ही विचारतो, मुलींच्या भल्याचा रंग वर्षातून तीनदा कसा बदलतो? हे वाक्य माझ्या एका पत्रकातलं. काकींना दाखवलं तर म्हणाल्या, "बरं लिवलंयस. पण नुसतं पुसलंयस. पुसून कोण सांगतंय व्हय? जाऊन बघाय पायजे."

माझी धाकटी बहीण गौरी बचावात खेळते आणि काकींची अनुष्का तिच्या मागे गोलात उभी असायची, एवढाच आमचा संबंध. साताऱ्यात आम्ही पालकांची एक समिती काढली होती. बैठकीला येणारे थोडे, फोनवर हळहळणारे जास्त. मी स्टेडियमच्या फाटकावर पत्रकं वाटायचे. काकी पत्रक घ्यायच्या, घडी घालून कमरेला खोचायच्या आणि म्हणायच्या, "पत्रकवाले, चल जरा माज्यासंगं." मग कुठंतरी काहीतरी बघायला जायचं असायचं.

बुटक्या, चणीनं घट्ट, चालताना पायाखालची जमीन दाबून बघितल्यासारख्या चालणाऱ्या. थंडीत साडीवर नवऱ्याचा हिरवट लष्करी स्वेटर. स्कूटीच्या पुढच्या जागेत बहुतेक वेळा म्हशीसाठी उसाच्या वाढ्याचा भारा आणि त्याच्यावर अनूची किटबॅग. मैदानात त्या थेट फाटकातून कधी आल्या नाहीत. आधी बाहेरून एक चक्कर, मग आत. बोलताना मान कलती करून एक डोळा बारीक करायच्या, जणू समोरचा माणूस सुईत ओवायचा आहे. आणि कुणी काहीही सांगितलं, सरावाची वेळ बदलली, जर्सी बदलली, लीग बदलली, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "आसंल. पण का?"

हे "पण का" ऐकून भलेभले घाम पुसायचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता पणाला काय लागलं होतं ते सांगते, म्हणजे ही बाई उगाच संशयी होती असं कुणी म्हणायला नको. अनूचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या संघातून राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडणार होते. काकींचे दीर आणि सासू यांचं म्हणणं, दहावी झाली, आता पोरीनं मैदानात लोळणं बास. काकींचे मिस्टर फौजेत नायब सुभेदार, कुठल्यातरी बर्फातल्या चौकीवर. त्यांनी फोनवरून निवाडा दिला होता: यंदा निवड झाली तर पुढे खेळेल, नाही झाली तर बूट माळ्यावर. म्हणजे त्या एका हंगामावर पोरीचा खेळ लटकलेला.

आणि त्याच हंगामात या मोठ्या माणसांना क्लब बदलायची हौस सुटली.

मुलींच्या संघात खेळायला पोरी मिळतात. मुरमाड मैदानावर अंग झोकून देणारी गोलकीपर मिळत नाही. मुलींचा संघ उभा केला नाही तर क्लबाला लीगमध्ये मान नाही. म्हणून अनू सगळ्यांना हवी होती. तिला काय हवंय हे मात्र एकानंही विचारलेलं मला आठवत नाही.

काकींना मी पहिल्यांदा नीट बघितलं ते दीपक सरांच्या बैठकीत. सर निळ्या क्लबाचे प्रशिक्षक. मालकाशी बिनसलं आणि त्यांनी स्वतःचा पिवळा क्लब काढला. साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात पालकांना बोलावलं होतं. सर बोलायला उभे राहिले.

"निळ्यात आपल्या मुलींना न्याय मिळत नव्हता."

चहा आला. काकींनी कप बोटानं मागे सारला. शेजारची बाई म्हणाली, "घ्या की, चहाच हाय."

"आसू दे. चहा घेतला की मान हलवावी लागती." मग सरांकडे मान कलती केली. "सर, गेल्या साली तुमीच म्हनलावता, निळा क्लब म्हंजी आपलं घर."

"परिस्थिती बदलली, काकी."

"आसंल. पण का?"

"तात्त्विक मतभेद झाले."

"म्हंजी भांडान," काकी म्हणाल्या. "भांडान तुमचं, आन् बिऱ्हाड आमी हालवायचं."

जेवणघरात हशा झाला. सरही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तरी सगळे पालक पिवळ्यात गेले, काकीही गेल्या. जाणार कुठं? मुलींना शिकवणारा माणूस जिल्ह्यात तोच एक होता. हीच यांची ताकद असते. दुसरं दुकानच नसलं की दुकानदाराला गोड बोलायची गरज राहत नाही.

पण जायच्या आधी काकी मला घेऊन सरांच्या गावाला गेल्या. कशासाठी, तर घर बघायला.

"लेक द्यायची तवा घर बघतो का न्हाई आपन?" स्कूटीवर वाऱ्याच्या वर आवाज काढून त्या सांगत होत्या. "गोठा बघतो. सासूचं तोंड बघतो. शेजारनीला पुसतो. हितं लेक रोजची रोज द्यायची, सकाळ न्हाई संध्याकाळ न्हाई, आन् बघायचं काय, तर मोबाईलवरचं चित्र?"

गावात शिरताच त्यांनी स्कूटी गिरणीपाशी लावली. दळण घेऊन बसलेल्या बायकांना विचारपूस सुरू केली. दीपक म्हणून आहे ना, माणूस कसा आहे, पितो का, बायकोला नीट वागवतो का, भावाभावांत वाटण्या झाल्या का. एका बाईनं विचारलं, "का वो, पोरगी द्यायची हाय का?" काकी सहज बोलून गेल्या, "व्हय, इचार हाय."

आम्ही चालत सरांच्या दारात पोचेपर्यंत ही बातमी आमच्या पुढे पोचली होती. सरांची बायको कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी.

"कुनाची पोरगी आन् कुनाला द्यायची?"

"आगं फुटबालात द्यायची बाई, फुटबालात."

ती हसत उंबऱ्यातच बसली. "फुटबॉलात द्या न्हाईतर हिरीत द्या. ह्यो मानूस कवा घरात गावला तर मलाबी कळवा तेवढं."

परतताना काकींनी निकाल दिला. "गोठा झाडल्याला हाय. म्हातारीच्या अंगावर धड लुगडं हाय. मानूस खोटा न्हाई. पण टिकत न्हाई. दारातलं फाटक बघितलंस? निम्मं रंगवून सोडलंय."

हे फाटक मी बघितलंच नव्हतं. मी सरांच्या विरोधात मुद्दे गोळा करण्यात गुंतले होते.

त्या वर्षी जिल्ह्यात लीगही दोन झाल्या. दोन्हींचे अध्यक्ष वेगळे, शिक्के वेगळे. दोन्ही एकमेकींना बोगस म्हणायच्या, आणि माझ्या मते दोघींचंही बरोबर होतं. एकीत खेळलेली मुलगी दुसरीला चालायची नाही. पिवळा क्लब पहिल्या लीगमध्ये गेला आणि तिचे सामने लागले कोयनानगरला. का, तर म्हणे मैदान मोकळं आहे. काकी म्हणाल्या, "आसंल. पण लोकांनी बघू नये म्हनून बी आसंल."

घाटानं जीप वळणं घेत होती, मुली पिशव्यांत तोंडं घालून बसल्या होत्या. वसाहतीच्या मैदानावर सामना सुरू झाला आणि ऐन कॉर्नरच्या वेळी जमीन हलली. फार नाही. साहित्याच्या खोलीचा पत्रा खडखडला, चहावाल्याचे ग्लास एकमेकांना लागले. आम्ही बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिलो. तिथला चहावाला ग्लास धरून म्हणाला, "बसा हो, हालतंय हितं आधनंमधनं."

अनू मात्र हलली नव्हती. कॉर्नरचा बॉल तिनं दोन्ही हातांनी वरच्यावर घेतला आणि छातीशी धरून खाली बसली. काकी खाली बसता बसता पुटपुटल्या, "बराबर कार्नरच्याच टायमाला बरं हाललं."

"काकी, भूकंप कुणी ठरवून करतं का?"

"तसं न्हाई म्हनत मी. नुसतं टायमिंग बघ म्हनती."

पिवळ्यानं ते सामने जिंकले. आठवडाभरात मोबाईलवर निरोप आला की त्या लीगची मान्यता गेली, कोयनेचे सामने धरले जाणार नाहीत, म्हणजे मुली तिथं खेळल्याच नाहीत असं समजायचं. सकाळी उठून बघितलं तर पालकांच्या ग्रुपचं नाव बदललेलं, वरचं चित्र बदललेलं, आणि सर लिहितायत की आपण आता दुसऱ्या लीगमध्ये जात आहोत, सर्वांचे अभिनंदन. कशाचं अभिनंदन? पोरींच्या हातापायाची सालटी गेली त्याचं? मी त्याच दिवशी पत्रक काढलं. काकींनी वाचलं आणि म्हणाल्या, "आधी म्हनलं ती लीग चोर. आता चोराच्याच घरी मुक्काम."

रविवारी मिस्टरांचा फोन यायचा. मी एकदा तिथंच होते. स्पीकरवरून आवाज आला, "मालन, फायनल ऑर्डर काय? पोरगी कुठल्या क्लबात हाय आता?"

"ऑर्डर रोज बदलतीया. तुमचं बरं हाय. तुमचा दुश्मन तरी जागंवर बसतोय."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. हसून झाल्यावर ते म्हणाले, "माझा शब्द मात्र तोच हाय बरं का." काकींनी पदरानं फोन पुसला आणि ठेवून दिला.

दीपक सरांवरचा विश्वास उडालेला, असलाच कधी तर. नेमका तेव्हाच सांगलीचा हिरवा क्लब पुढं आला. साताऱ्यात शाखा काढणार, दुसऱ्या लीगमध्ये मुलींचा संघ उतरवणार. त्याच्या मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. हळदीच्या पेठेत पिढीजात आडत, नदीकडं बंगला. त्यांच्या घरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं, मुलींच्या आयांना. मी म्हटलं, काकी, हा सापळा आहे.

"म्हाईत हाय की. म्हनून तर बघाय जायचं. घर बघितल्याबिगर नगं कसं म्हनायचं?"

कोरेगावहून पॅसेंजरनं गेलो. बंगल्यात आयांची रांग लागलेली. काकी हळदीकुंकू बाजूला ठेवून मागच्या दारी गेल्या. तिथं जाळीत फुटबॉल भरून ठेवले होते. एक काढून त्यांनी हातात फिरवला. "नवं हायत. एकबी घासलेला न्हाई. मग खेळतंय कोन?"

चहा आला, नको म्हणाल्या. मसाला दूध आलं, नको. उपमा आला.

"उपास हाय."

"आज कसला उपास?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आजचा."

मला वाटलं, आता या बाईला कुणी हात लावू शकत नाही.

तेवढ्यात भाऊसाहेबांची बायको आतून आली. मऊ आवाजाची, थकल्या डोळ्यांची बाई. "मालनताई, या बसा पाटावर, ओटी भरते." मी बिनलग्नाची, मला कोण विचारतंय, मी दारापाशी चपलांच्या शेजारी बसलेले. तिथून बघितलं, की काकींनी एकदाच दाराकडं नजर टाकली, आणि मग पाटावर बसून पदर पसरला.

चहा नाकारता येतो. जेवण नाकारता येतं. ज्या बाईचा नवरा बर्फात बंदूक घेऊन उभा आहे, ती कुंकू लावून भरलेली ओटी झटकत नाही. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण त्या पाटावरचे काकींचे खांदे बघून कळलं. तांदूळ पडले, नारळ पडला, हळकुंड, सुपारी. आणि वर खण. खण जरा जाडच होता. हिरवा. तो पदरात पडला त्या क्षणी कुणीतरी मोबाईल वर केला आणि भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. हळदीकुंकवाला टाळ्या कशाला, असं मला वाटलं. काकींनाही वाटलं असणार. पण ओटी पदरात असताना बाई उठून भांडत नाही.

परतताना ताकारी स्टेशनच्या पुढे गाडीत दोघींचे फोन एकदम वाजले. फोटो आला होता. पदर पसरून बसलेल्या काकी, आणि खाली मजकूर: "हिरव्या परिवारात स्वागत. आपली नवी गोलकीपर अनुष्का हिच्या मातोश्रींनी जर्सी स्वीकारली."

काकींनी ओटीतला खण उलगडला. आत घडी घातलेली हिरवी जर्सी, पाठीवर एक आकडा.

त्यांनी ती परत घडी घालून खणात ठेवली. मग म्हणाल्या, "मी चहा नगं म्हनलं. दूध नगं म्हनलं. ह्येंनी देवाच्या वाटंनं आत हात घातला."

जर्सी त्यांनी घरी नेऊन धुतली. का धुतली, मी विचारलं. म्हणाल्या, हळदीकुंकवाचे डाग पडले होते, आणि दुसऱ्याची वस्तू मळकी ठेवत नाहीत. तिसरा रंग त्या दोरीवर आला तो असा.

दुसऱ्या दिवशी दीपक सरांनी अनूचं नाव पिवळ्यातून काढलं. लीगचा नियम असा, की एका मुलीवर दोन क्लबांचा दावा आला तर ती वादातली, आणि वादातली मुलगी उतरवली तर अख्खा संघ बाद. हा नियम मुलींसाठी केलाय म्हणे. आम्ही स्टेडियमवर सरांना गाठलं.

"काकी, तुम्ही फोटो काढून बसलात. तुमचा आता मला भरवसा नाही."

ज्या माणसानं वर्षात एक क्लब मोडला, एक लीग बदलली, तो भरवशावर बोलत होता. माझ्या तोंडात पत्रकाची भाषा तयार होती. काकींनी मला हातानं मागे केलं.

"सर, मी दोनदा हालले. दोनीबी बारी तुमच्या मागनं हालले. तिसऱ्यांदा मला हालीवलंय, मी हालले न्हाई. पोरीचं वरीस जातंय."

सर बुटाच्या टोकानं खडे उडवत राहिले. शेवटी म्हणाले, "हिरव्यांनी दावा सोडला तर घेतो. अजून दुसरी मुलगी उभी केलेली नाही."

भाऊसाहेबांना फोन लावला. ते गोड बोलले. "ताई, तुम्ही स्वतः घेतलीत. आम्ही जबरदस्ती केली का?" मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. मथळा असा होता की सांगलीत घरोघरी गेला असता. काकींनी वाचलं, घडी घातली. "ह्ये ऱ्हाऊ दे. कागदानं न्हाई सुटायचं. जर्सी टपालानं पाठीवली तर म्हनतील ओटी परत केली. ओटी परत करत न्हाईत."

"मग?"

"ओटीला ओटी."

रथसप्तमीच्या आत आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. या वेळी काकींच्या पिशवीत नारळ, तांदूळ, नवा खण. भाऊसाहेब पेठेत गेलेले. त्यांची बायको दारात आली, चेहरा उतरला.

"वैनी, तुमी माझी भरली. माझ्याकडनं ऱ्हायली हुती. तुमची भराय आले."

"बसा ना. मी पाट आणते."

"आन् शेजारच्या दोघीतिघींना हाक मारा. आमच्यात एकलीची भरत न्हाईत."

असली काही रीत आमच्यात नाही. मी काकींकडं बघितलं, त्या कुंकवाच्या करंड्याकडं बघत होत्या.

शेजारणी आल्या. वहिनी पाटावर बसल्या, पदर पसरला. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. वर खण, आणि खणाच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी, हिरव्या जर्सीची इस्त्री केलेली घडी. मी फोटो काढला. एका शेजारणीनं विचारलं, "हे काय मध्येच?"

"माझ्या लेकीला बसत न्हाई," काकी म्हणाल्या. "तुमाला तुमची परत पोचली."

वहिनींनी पदर आवरला नाही. तशाच बसून हळू आवाजात म्हणाल्या, "मला म्हणाले, खणात ठेव. मी ठेवली. मला वाटलं भेट आहे." मग म्हणाल्या, "तुमची मुलगी खूप चांगली खेळते म्हणतात."

"आसंल," काकी म्हणाल्या. एवढंच. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी त्यांना ओळखते तेव्हापासूनचं हे पहिलंच "आसंल", ज्याच्या मागे काही आलं नाही.

तो फोटो मी सगळ्या ग्रुपांवर टाकला. रात्री भाऊसाहेबांचा दीपक सरांना फोन गेला, आमचा काही दावा नाही म्हणून. तोंडी. लेखी देतो देतो म्हणत दिलंच नाही. सरांनी अनूचं नाव घातलं. पण लीगमध्ये अशी चाल आहे की सामना संपल्याची शिट्टी वाजेपर्यंत लीगच्या माणसांच्या टेबलावर लेखी हरकत देता येते. हरकत आली की संघ बाद, निवड बाद.

शेवटचा सामना साताऱ्याला. जिंकलो तर पहिले, आणि निवडणारे तिथंच बसलेले. टेबलापासून थोड्या अंतरावर हिरव्या क्लबाचा एक माणूस उभा होता, पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला कागद. काकींनी तो कागद फाटकातूनच हेरला. त्या सरळ टेबलाकडं गेल्या आणि टेबल आणि तो माणूस यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. मैदानाकडं पाठ.

सामना सुरू झाला. मी मैदानाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते, म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं. माणूस एक पाऊल पुढं आला की काकी एक पाऊल सरकायच्या. तो पाणी प्यायला गेला तर त्यांची मान त्याच्यामागे वळायची. टेबलावरचे म्हणाले, "बाई, मॅच तिकडं आहे." काकी म्हणाल्या, "आसू दे."

आमचा एक गोल झाला, त्या वळल्या नाहीत. उत्तरार्धात गौरीच्याच चुकीनं समोरच्यांना पेनल्टी मिळाली. काकींचे हात मागे बांधलेले होते, बोटं पांढरी पडलेली, पण डोळे त्या पांढऱ्या शर्टावर. अनू डावीकडं झेपावली. बॉल तिच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. आरडाओरडा झाला, सर मैदानात धावले, मी कुणालातरी मिठी मारली. काकींनी आरड्यावरून ओळखलं असावं. त्यांनी फक्त डोळे मिटून उघडले.

शेवटची शिट्टी वाजली. पांढऱ्या शर्टानं खिशातला कागद काढला, गाड्यावरून वडापाव घेतला, कागद उलगडला आणि त्याच्यावर ठेवून खायला लागला.

मी काकींना म्हटलं, "बघा. हरकत नव्हतीच."

"न्हवती कशी? दिली न्हाई म्हनून काय झालं. द्यायची हुती."

कोण जाणे. खरं सांगायचं तर मलाही अजून तसंच वाटतं.

अनूचं नाव निवडीत आलं. पुढं मिस्टरांना कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं, शिबिराच्या गावाजवळच, आणि त्या दोघी कोरेगाव सोडून गेल्या. त्या सामन्याच्या दिवसानंतर मी काकींना पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते स्टेडियमच्या मागं गाड्या लावायच्या जागेत. मुली हार घालून फोटो काढत होत्या आणि काकी स्कूटीशी उभ्या, अनू समोर, गुडघ्याला माती.

"बघितलंस का गं आई?"

"न्हाई बघितलं. टेबलाकडं कोन बघनार हुतं? तुजा बाप?"

अनूचं तोंड एवढंसं झालं. काकींनी डिकीतून पाण्याची रिकामी बाटली काढली, चार पावलं मागं गेल्या, पदर खोचला.

"दाव. कसा आला हुता?"

"आई, हितं फरशी हाय."

"दाव म्हनती न्हवं."

त्यांनी बाटली फेकली. अनू डावीकडं झेपावली, बाटली बोटानं उडवली आणि कोपरावर पडली. काकींनी मान कलती केली, एक डोळा बारीक केला, आणि त्या पडलेल्या पोरीकडं डोक्यापासून बुटापर्यंत बघत राहिल्या.

"एवढ्यानं अडला? खरं वाटत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि बाटली उचलायला वाकल्या. "परत दाव."